फळी सापडेना

मी सून म्हणून भाजे गावातल्या घरात पाऊल टाकलं तेव्हा पदराआडून पहिली दिसली ती आढ्याला टांगलेली लोखंडी नळ्यांची जोडी. तेलकट फडक्यातून त्यांची दोन टोकं बाहेर आली होती. मला वाटलं, घरात पाण्याचा नळ येणार आहे. माहेरी वराळ्याला विहिरीचं पाणी ओढून ओढून माझे तळहात सोलवटलेले. मनात म्हटलं, वा गं बाई, नशीब काढलंस!

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना मी सासूला विचारलंच, "नळ कवा सुरू व्हनार?" आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामंजी. आत्याबाईंनी हातातली भाकरी परातीत टाकली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग ओसरीकडे तोंड करून ओरडल्या, "ऐकलं का? सूनबाई तुमच्या बंदुकीतनं पानी भरनार हाय!" मी लाजून अर्धी झाले. पुढं महिनाभर शेजारची काकू मला बघितलं की "नळाला पाणी आलं का गं?" म्हणून विचारायची. मेली अजून आठवली तरी राग येतो.

तर ती दुनळी बंदूक होती. मामंजी तरुणपणी लोणावळ्यातल्या एका बंगलेवाल्या शेठला शिकारीला रान दाखवायचे. शेठ म्हातारा झाल्यावर त्यानं बंदूक मामंजींच्या नावे करून दिली, रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून परवाना मिळाला, आणि तेव्हापासून आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मामंजींना कुणी नावानं हाक मारली नाही. बंदूकवाले आबा म्हणजे आमचे मामंजी. लग्नाच्या पंगतीत त्यांना मानाचा पाट, चावडीत बसायला घोंगडी. गावात शब्द चालायचा तो त्या बंदुकीमुळं. ती गेली तर मागं राहणार होता एक वाकलेला म्हातारा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बंदूक घरात कधी जोडलेली नसायची. तिचे तीन तुकडे होतात. नळ्या, खांद्याला लावायचा लाकडी दस्ता, आणि नळ्यांच्या खाली बसणारं वीतभर लाकूड, त्याला आमच्या घरात फळी म्हणत. नळ्या मामंजींच्या बाजेवर आढ्याला, दस्ता देवघराच्या फडताळात आणि फळी आत्याबाईंच्या ताब्यात. काडतुसांची पेटी चौथ्या ठिकाणी, तिची किल्ली मामंजींच्या करगोट्याला. "बंदूक, काडतूस आनि राग," मामंजी म्हणायचे, "ह्या तिघांना एका खोलीत निजवायचं न्हाई." म्हणजे कुणाचं डोकं फिरलं तरी घरभर हिंडून चार ठिकाणांहून चार वस्तू गोळा करेपर्यंत ते थंड व्हावं. फळी नसली तर नळ्या दस्त्याला अडकतात खऱ्या, पण बंदूक दुमडली की निसटून हातात येतात. तशी बंदूक कुणी शहाणा माणूस उडवत नाही.

आणि नेमकी ती फळीच सापडायची नाही.

भात पोटरीला आलं की डुकरं उतरायची. मामंजी गरजायचे, "फळी आन!" आत्याबाई लगबगीनं उठायच्या. कणगीत हात घालायच्या, उतरंडीमागं बघायच्या, मग कपाळावर हात मारून घ्यायच्या. "आता गं बया! कुटं ठिवली म्हनावं? हितंच तर व्हती." मामंजींचा आरडाओरडा साऱ्या आळीला ऐकू जायचा. शेवटी ते पत्र्याचा डबा नि दांडकं घेऊन बांधावर जायचे आणि डबा बडवून बडवून डुकरं हाकलायचे. काही जायची, काही आमचं भात खाऊन मग जायची. तीन वर्षं हेच चाललेलं. गावात आत्याबाईंचं नाव पडलं होतं विसरभोळी. "त्या बाईच्या डोक्याला भोक हाय, म्हनून आबाची बंदूक गंजली," असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे. आत्याबाई हसून म्हणायच्या, "व्हय बाबा, वय झालं."

मला मात्र नवल वाटायचं. ह्याच बाईला कणगीत किती पायली भात आहे, कुठल्या कोंबडीनं कधी अंडं दिलं, माझ्या आईनं लग्नात कुठल्या रंगाचं लुगडं कमी दिलं, हे सगळं तोंडपाठ. आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजा असली की फळी बरोबर पाटावर हजर! मला हे दिसत होतं, पण त्याचा अर्थ लावायची अक्कल नव्हती. सतरा-अठरा वर्षांची मी, आणि वर चौथी पास म्हणून शिंगं फुटलेली.

एका भाद्रपदाच्या शेवटी, पूजेच्या आधी बंदूक पुसायला काढली. माझे हे लोणावळ्याला रेल्वेत, आठवड्यातून एकदा घरी. त्यामुळं तेलाची वाटी धरायला मीच. मामंजींनी नळ्या उतरवल्या, एक डोळा मिटून दाराच्या उजेडाकडे धरल्या आणि म्हणाले, "लख्ख! आरशावानी!" मग माझ्या हातात दिल्या, टांगून ठेव म्हणून. मी आपली गंमत म्हणून डोळा लावला. उजव्या नळीतून अंगणातली तुळस गोल गोल दिसली. डावीतून काही नाही. मिट्ट अंधार.

"मामंजी, ही डावी बुजलीय."

"हॅ! आत्ता तर बगितली."

मी नळ्या साफ करायचा लोखंडी गज घातला. अर्ध्यावर अडला. दोन-तीनदा ठोसला तेव्हा भसकन मातीची ढेकळं पडली आणि त्यांच्याबरोबर पाच-सहा वाळक्या हिरव्या अळ्या. पावसाळ्यात कुंभारीण माशीनं आत घर बांधलं होतं. अशी बुजलेली नळी उडवली तर ती फाटते. धरणाऱ्याचा हात तरी जातो, नाहीतर तोंड. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण मामंजींना होतं. त्यांनी ढेकूळ चाचपून पाहिलं. बोटांनीच पाहिलं, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते गेले कित्येक महिने सगळं बोटांनीच पाहतायत. डोळ्यांत मोती उतरलेले.

"पोरी," ते एकदम हळू म्हणाले, "तुज्या आत्याबाईला सांगू नगंस. आनि भाईर तर अजाबात न्हाई. कळलं की परवाना काडून घेतील."

खरं सांगते, मला त्यांची दया आली. रडूच आलं. पण मी मूळची आगाऊ. रडता रडताच डोक्यात किडा वळवळला. पदरानं नाक पुसलं आणि म्हटलं, "न्हाई सांगत. पन मला बंदूक जोडाया शिकवा."

मामंजी चिडले, मग हसले. "लय चाबरी हायेस," म्हणाले. आणि सौदा ठरला.

शिकवणं म्हणजे काय, तर पहिले पंधरा दिवस बंदुकीला हात नाही. हातात मुसळ! आत्याबाई रानात गेल्या की आम्ही परसात. मुसळाचं एक टोक बंदुकीचं तोंड समजायचं आणि ते जमिनीकडे नाहीतर आभाळाकडे, माणसाकडे कधी नाही. मी वळले आणि टोक चुकून त्यांच्याकडे गेलं की ते कशानं ओळखत देव जाणे, ताबडतोब ओरडत, "मारलंस मला! आता तेराव्याचा सैपाक कर!" बोट चापापासून लांब, मुसळाला चाप नसला तरी लांब. वाटेत बांध आला, कुंपण आलं, तर आधी काडतूस काढायचं मग ओलांडायचं. मी खोटं खोटं काडतूस काढून कंबरेला खोचायची आणि धुण्याच्या दगडावरून उडी मारायची. एकदा मी मुसळ खांद्यावर घेऊन मामंजींच्या मागं चालत होते, आणि कुंपणापलीकडून तीच ती नळाची काकू डोकावली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की भाज्यातली अमकी सून सासऱ्याच्या मागं मुसळ घेऊन धावते. माझ्या माहेरपर्यंत गेलं हो! बाप धापा टाकत आला, मला समजवायला.

मग एक दिवस खरी बंदूक हातात आली, म्हणजे तिचे दोन तुकडे. तिसरा अर्थातच सापडत नव्हता. नळ्यांमधून आधी उजेड बघायचा, दोन्हींतून. दस्ता कंबरेशी धरायचा, दोन्ही घोडे खाली आहेत ना ते बघायचं, वरची कळ अंगठ्यानं बाजूला सारायची. नळ्यांच्या बुडाशी आकडा असतो, तो दस्त्याच्या तोंडातल्या खिळीवर टेकवायचा आणि नळ्या अलगद वर उचलायच्या. खट्. जोर अजिबात लावायचा नाही. "बसंना तर समज आपलं चुकतंय," मामंजी म्हणायचे, "तिचं न्हाई." मग खालून फळी, टक्. फळीच्या जागी मी लाटणं धरायची.

आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच घोकंपट्टी. "जी आपन सोता उगडून बगितली न्हाई ती भरलेली. कुनी का सांगंना. देवानं सांगितलं तरी भरलेली."

त्यांना आता बघता येत नव्हतं, म्हणून आम्ही एक खूण ठरवली. नळ्या त्यांनी उजेडाकडे धरायच्या, मी त्यांच्या मागून डोकवायचं, आणि दोन्ही साफ असल्या तर बांगड्या वाजवायच्या. वाजल्या नाहीत तर गज घालायचा. मला ही खूण फार आवडली. साऱ्या गावाला फसवतोय आणि कुणाला पत्ता नाही, ह्याची मला गुदगुली व्हायची. आत्याबाईंचीसुद्धा मला कीव यायची. म्हटलं, बिचाऱ्या, घरात काय चाललंय ह्यांना काहीच माहीत नाही.

तिकडे लढाई सुरू झाली होती, कुणाकडं किती बंदुका आहेत ते सरकारला बघायचं होतं, आणि दिवाळी झाल्यावर दवंडी पिटली. तालुक्याचे साहेब मळवलीला येणार, सगळ्या परवानेवाल्यांनी बंदुका घेऊन हजर राहायचं. ज्याला बंदूक नीट राखता, उघडता, जोडता येत नाही त्याची जमा. मामंजी दोन दिवस जेवले नाहीत. "पोरी, मानूस मेला तर चौघं उचलतात," ते मला म्हणाले, "बंदूक गेली तर मला कोन इचारतंय?" मी म्हटलं, "काळजी करू नगासा, मी हाये न्हवं?" केवढा तो माझा तोरा!

तपासणीच्या सकाळी फळी कुठं सापडली? आत्याबाईंच्या पदराखालीच! मागायच्या आधी काढून दिली.

मळवलीला वडाखाली टेबल मांडलेलं. पुरुष समोर, आम्ही बायका पाराच्या कडेला. आत्याबाई माझ्या शेजारी. पहिला नंबर तिकोणा पेठेच्या एका जाड्या पाटलाचा. साहेबानं बंदूक उघडून नळ्या वेगळ्या केल्या, नंबर बघायच्या निमित्तानं टेबलामागं नेल्या, परत दिल्या आणि विचारलं, "आत बघून सांगा, नळ्या कशा आहेत?" पाटलांनी डोळ्याला लावल्यासारखं केलं आणि ठणकावून सांगितलं, "साफ हायेत, सायेब! मी रोज पुसतो." साहेबानं शिपायाला गज घालायला सांगितला. आतून कागदाचा बोळा निघाला. तो साहेबानंच टेबलामागं कोंबला होता. लोक हसले. पाटलांची बंदूक टेबलाखाली गेली आणि पाटील रिकाम्या हातानं परत फिरले. कानशिलं लाल.

मग बंदूकवाले आबा.

मामंजी ताठ चालत गेले. रस्ता त्यांच्या पायांना पाठ होता. बंदूक उघडली, काडतूस नाही हे बोटानं चाचपलं, फळी काढली, नळ्या उतरवल्या, तीन तुकडे टेबलावर मांडले, तोंड डोंगराकडे, माणसं नव्हती तिकडे. साहेबाची मान आपोआप हलली. माझी छाती अभिमानानं भरून आली. मग साहेबानं नळ्या उचलल्या, टेबलामागं वाकला आणि परत मामंजींच्या हातात दिल्या.

"बघा, आबा. कशा आहेत?"

मामंजींनी नळ्या सूर्याकडे उचलल्या. एक डोळा मिटला. आणि थांबले.

माझ्या बांगड्यांसाठी थांबले होते. मी सकाळीच दोन्ही नळ्या बघितल्या होत्या, लख्ख होत्या. पण साहेबानं काय केलं ते माझ्या जागेवरून दिसलं नव्हतं. मन म्हणालं, म्हाताऱ्या माणसाची कशाला पुन्हा तीच परीक्षा घेईल? एकदा केलेली गंमत माणूस लगेच दुसऱ्यांदा करत नाही. सगळे बघतायत. जास्त वेळ थांबले तर लोकांना कळेल. साफच असणार. मी हात उचलला.

आणि आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. बांगड्यांसकट. असं आवळून धरलं की एक काच कचकन फुटली आणि हाताला लागली. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. समोर नवऱ्याकडे बघत, ओठ न हलवता पुटपुटल्या, "सोता बगितलीस?"

मी उचललेला हात सैल सोडला.

बांगड्या वाजल्या नाहीत. मामंजींनी नळ्या सावकाश खाली घेतल्या. म्हणाले, "सायेब, गज द्या."

"का? दिसत नाही?"

"ज्या नळ्या माज्या हातातनं दुसऱ्याच्या हातात गेल्या, त्या माज्यासाटी भरलेल्या. मंग डोळ्याचं बी ऐकायचं न्हाई. गज द्या."

गज उजव्या नळीतून सरळ गेला. डाव्या नळीत अडला. मामंजींनी कागदाचा बोळा काढून टेबलावर ठेवला, घडी घालून, अगदी अदबीनं. साहेब मोठ्यानं हसला आणि जमलेल्या सगळ्यांना म्हणाला, "असा पाहिजे परवानेवाला!" शिक्का मारला. लोकांनी मामंजींना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मी तिथंच खाली बसले, मनगटातलं रक्त चोखत.

घरी आल्यावर आत्याबाईंनी माझ्या हाताला हळद लावली. मी म्हटलं, "तुमाला कवापासनं ठावं हाय?"

"तीन वर्सं झाली. सोताच्या ताटातली मिरची दिसंना त्यास्नी, तवापासनं." हळद दाबत म्हणाल्या, "आनि परसात मुसळ घेऊन काय नाचता, बांगड्या कशापाय वाजवता, त्ये बी. डोळं त्यांचं गेल्यात, माजं न्हाई."

"मंग फळी..."

"फळी काय? मी इसरभोळी हाय, आख्ख्या गावाला म्हाईत हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं ही बाई गावाच्या शिव्या खात होती. भात डुकरांनी खाल्लं तरी हिच्यामुळं, बंदूक गंजली तरी हिच्यामुळं. आंधळ्या नवऱ्यानं अंधारात चाप ओढू नये आणि तो आंधळा आहे हे कुणाला कळूही नये, एवढ्यासाठी. आणि मी दीड शहाणी तिची कीव करत होते.

मामंजी ओसरीवर बसून बंदुकीचे तुकडे पुसत होते. आमचं बोलणं त्यांनी ऐकलंच असणार, कान तिखट होते. फळी त्यांनी न मागता पुढं केली. आत्याबाईंनी घेतली. मग ते थोडा वेळ नळ्यांवरून हात फिरवत राहिले, फडक्यात गुंडाळल्या, टोकं जमिनीकडे केली आणि त्यादेखील तिच्यापुढं धरल्या.

"आज नळीतला कागुद दिसला न्हाई," ते म्हणाले. "उद्या डुकराच्या जागी मानूस आसंल. ह्या बी घे. कुटंतरी ठिव, आनि इसर."

आत्याबाईंनी नळ्या छातीशी धरल्या, कपाळावर हात मारला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "आता गं बया! मला मेलीला कायबी ध्यानात ऱ्हात न्हाई!"